तोळामासा

आमच्या मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी येतं. कराडकरांना हे सांगायची गरज नाही, कारण आम्ही ते त्यांना आधीच शंभरदा ऐकवलेलं आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आगाशिवाची लेणी नंतर दाखवायची, आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवायचा, ही आमची पद्धत. 2009 च्या सुमारास जीवन प्राधिकरणाची ही योजना सुरू झाली. दर नळाला मीटर, वापराल तेवढं बिल, आणि वापर वाढला की दरही पायरी-पायरीने चढणार. ती बघायला लांबलांबचे अधिकारी गाड्या भरून यायचे. आता नळातून पाणी येतं यात बघण्यासारखं काय असतं? पण ते बघायचे, आम्ही दाखवायचो, मधे चहा व्हायचा.

योजना आली तरी आमच्या घरी पहिलं वर्षभर काहीच बदललं नाही. बायको पहाटे चारला उठायची. पिंप भरायची, दोन बादल्या, तीन कळश्या, आणि हात थांबेना म्हणून कुकरसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते सगळं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. मी एकदा म्हटलं, "अगं, हे पण कोयनेचंच, ते पण कोयनेचंच. रात्रीत शिळं कसं होईल?" ती म्हणाली, "अहो, उद्या नाही आलं म्हणजे?" या प्रश्नाला उत्तर नसतं. पिंप कधी रिकामं पडलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एके दिवशी पाहिलं तर त्यात ज्वारी होती, आणि बायको सहा वाजेपर्यंत झोपली होती.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. आयुष्यभर पाण्याचे हिशेब लिहिले. कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी, हा आकडा आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ. पण धरणाच्या हिशेबात एक रकाना असतो, त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही: बाष्पीभवन. दार बंद, भिंत शाबूत, चोर नाही, गळती नाही, तरी पाणी गेलेलं असतं. कुणाला जाब विचारणार? उन्हाला? रकान्यात आकडा लिहायचा, सही करायची, पुढच्या पानावर जायचं. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या पासबुकावर तोच रकाना दिसायला लागला. बँकेने तो छापलेला नसतो एवढंच.

आमच्या वडिलांच्या पासबुकावर तो त्यांना कधीच दिसला नाही. 1988 मध्ये किसान विकास पत्रं निघाली, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. वडिलांनी पाच हजारांची घेतली. त्या काळात ते रोज सकाळी दूधवाल्यालाही 'दुप्पट' हा शब्द ऐकवायचे. 1993 ला दहा हजार हातात आले तेव्हा त्यांनी पेढे वाटले. खरं सांगायचं तर त्या साडेपाच वर्षांत त्यांनी सोन्यालाही हरवलं. सोनं दहा ग्रॅमला तीन हजारांच्या पुढून चार हजारांच्या पुढं सरकलं, तेवढंच. फक्त ज्या विटांसाठी ते पैसे साठवत होते त्या विटा काही पोस्टात जाऊन बसल्या नव्हत्या. वरची खोली बांधायची होती, जिना झाला. वर खोली नसलेला तो जिना आमच्या घराला बरीच वर्षं होता. आम्ही त्यावर पापड वाळवायचो. आता तेच पत्र दुप्पट व्हायला 115 महिने लागतात. वडील असते तर दूधवाल्याला काय सांगितलं असतं कोण जाणे.

वडिलांची आई, म्हणजे माझी आजी, मात्र असल्या फंदात पडली नाही. तिच्याकडे बोरमाळ होती. पाच तोळ्यांची. 'पाच तोळे' हा आमच्या घराण्याचा सातबारा होता. जमीन भावकीत गेली, बैल विकला, आजोबांचा चुलतभावाशी दावा चालला तो चाललाच; आणि या सगळ्यात 'पाच तोळे' जिथल्या तिथे. मी हायस्कूलला असताना हुशारी म्हणून विचारलं, "आजी, आज सोन्याचा भाव काय आहे, माहितीय का?" ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "भाव इचारून काय करू? इकायचीय व्हय मला?"

तिच्यापुरता विषय संपला. भाव वाढला म्हणून ती कधी श्रीमंत झाली नाही, पडला म्हणून गरीब झाली नाही. पाच तोळे सकाळीही पाच, संध्याकाळीही पाच. 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर करायला बंदी झाली. सोनारांच्या घरी चुली थंडावल्या, बातम्या यायच्या. आजीला कुणी ते समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हंजी सोन्यात पानी घालायचा सरकारी हुकूम. दुधात घातलं तर पकडत्यात." पुढे 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रणच उठलं. तिने उठल्याचीही दखल घेतली नाही.

तिची ती माळ मी खऱ्या अर्थाने पहिल्यांदा पाहिली ती 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. मी सात वर्षांचा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चार वाजून गेले होते. भांडी फळीवरून कोसळली, कुणीतरी मला गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं. मलकापूर तेव्हा खेडंच. सगळी आळी कडाक्याच्या थंडीत उघड्यावर, आणि जो तो जे हाताला लागलं ते घेऊन आलेला. आजोबांनी दाव्याच्या कागदांची पिशवी आणली होती. शेजारच्या काकांनी घाईत दुसऱ्याच कुणाचं तरी पोर उचललं होतं, ते उजाडल्यावर लक्षात आलं. आजी रिकाम्या हाताने, शांतपणे, पदर सावरत बाहेर आली. कंदिलाच्या उजेडात तिच्या गळ्याशी काहीतरी मिणमिणलं. ती माळ घालूनच झोपायची. तिला काही शोधावं लागलं नव्हतं. जमीन पुन्हा हलली तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हाताला ते मणी लागले: बोराएवढे, गुळगुळीत, तिच्या अंगाच्या उबेने कोमट झालेले. त्या रात्री आळीत बहुधा आम्ही दोघंच झोपलो.

आजी होती तोवर ती माळ घराबाहेर एकदाच गेली, 1972 च्या दुष्काळात. त्याआधी दोन दिवस आजोबा सारखे चुलीपाशी येऊन बसत. एरवी चुलीकडे न फिरकणारा माणूस. विस्तव सारायचे, खोकायचे, उठून जायचे. तिसऱ्या दिवशी आजीनेच माळ काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "गहान टाका. इकू नगा." घरात दर बाबतीत आवाज आजोबांचा. या एका गोष्टीसाठी मात्र त्यांना वाट बघत बसावं लागलं होतं. आमच्या त्या वयात एवढंच कळलं की आज आजोबा बारीक झालेत. दोन वर्षांनी माळ सोडवून आणली. तोवर आजी गळ्याला हात लावून, नसलेले मणी चाचपत झोपायची. झोपायची मात्र वेळेवर.

आपल्या भाषेने या धातूचा केवढा धसका घेतलाय बघा. माणूस चांगला निघाला तर बावनकशी, कसाला उतरला. नाव खराब झालं तर बट्टा लागला. बट्टा म्हणजे झिजलेलं किंवा परमुलखातलं नाणं बदलून देताना सराफ कापून घ्यायचा ते. आवाज चांगला असेल तर खणखणीत, कारण खरं नाणं दगडावर टाकलं की वाजायचं. राणीछाप रुपया वाजायचाच. त्यात 11.66 ग्रॅम वजन, शंभराला जवळजवळ 92 हिस्से चांदी, आणि तेच वजन म्हणजे एक तोळा. वैद्य औषध सांगायचे तेही रुपयाभार. पैसा म्हणजे वजन होतं, त्याने मिरीसुद्धा मोजता यायची. 1940 मध्ये चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये गेलीच, निकेल आलं. आता कुणी वैद्याने रुपयाभार सुंठ सांगितली तर मी ती फोनवरच्या यूपीआयने मोजू की काय?

आणि ज्याची तब्येत सारखी वरखाली होते त्याची 'तोळामासा प्रकृती'. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. काटा इकडे तोळा, तिकडे मासा. माझी प्रकृती तशी झाली त्याला कारण एक पतसंस्था. नाव सांगत नाही. निवृत्तीच्या पैशातला मोठा घास मी तिच्या ठेवीत टाकला. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त. शिवाय तिथला पिग्मीवाला पोरगा रोज संध्याकाळी दारात यायचा, चहा प्यायचा, माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. पिग्मी ही कल्पना मूळची उडुपीची, सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये सुरू केलेली, रोजचे दोन आणे दारात जाऊन गोळा करायची. कल्पना थोरच. गरिबाकडून पैसे मागायला त्याच्या दारात रोज जाणारी संस्था आणि गरिबाला पैसे परत देताना एकदाही दारात न येणारी संस्था, या दोन्ही एकाच पाटीखाली असू शकतात हे पुढे कळलं. एक दिवस पोरगा आला नाही. मग शटर अर्धं. मग 'व्यवहार तात्पुरते' वगैरे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, 2020 मध्ये तो एका लाखाचा पाच केला. पतसंस्थेच्या ठेवीला तो लागू नसतो. हे ज्ञान मला ठेव अडकल्यावर झालं. ज्ञानावर मात्र दीड टक्का जास्त मिळाला.

झोप उडाली. रात्री तीनला जाग यायची आणि छताच्या पंख्याकडे बघत मी बेरजा करायचो. विचित्र म्हणजे जे गेलं त्याची बेरीज करत नव्हतोच, जे उरलंय त्याची करत होतो. तीच चार आकड्यांची बेरीज, आणि दर वेळी उत्तर थोडं कमी. डॉक्टरांनी पट्टा आवळून प्रेशर पाहिलं आणि विचारलं, "काही टेन्शन?" मी म्हटलं, "ठेव." ते म्हणाले, "कुठे?" मी नाव सांगितल्यावर ते काही क्षण गप्प झाले, मग स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधायला लागले.

तेव्हा मला माळ आठवली. आजी गेल्यावर ती आईकडे आली, आईनंतर माझ्या बायकोकडे, पितळी डब्यात, हळदीच्या फडक्यात. 2025 मध्ये सोनं लाखाच्या वर गेलं. 2000 साली साडेचार हजारांच्याही आत होतं ते. मी कागदावर पाचला लाखाने गुणलं आणि त्या रात्री पाच वर्षांत प्रथमच गाढ झोपलो. विकायची नव्हती हं. नुसता आकडा माहीत असावा म्हणून कराडला सराफाकडे निघालो. बायको म्हणाली, "कशाला? आहे ती आहे." मी म्हटलं, "व्हॅल्युएशन." इंग्रजी शब्द वापरला की ती वाद घालत नाही, फक्त बरोबर येते.

सराफ तरुण. त्याच्या आजोबांच्या काळातली कसोटी काउंटरवर शोभेला ठेवलेली, तपासायला शेजारी मशीन. माळ काट्यावर ठेवली. म्हणाला, "काका, 58 ग्रॅम आणि वर थोडं. तुमचा पाच म्हणजे जुना तोळा, 11.66 चा. आता बाजारात तोळा दहाचा. म्हणजे तुमचे पावणेसहाच्या वर झाले." बसल्या बसल्या पाऊण तोळा! मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. मग सराफाने एक मणी चिमटीत धरून नखाने टिचकी मारली. आवाज खणखणीत आला नाही. 'टप' असा आला, पिकल्या चिकूसारखा.

"बोरमाळ आहे ना काका. आत लाख असणार. वरून पत्रा."

"लाख?"

"लाख. लाखेवर सोन्याचा पत्रा. भरीव बोरमाळ कोण करतं? मान मोडेल. वितळवल्यावर नक्की कळेल, पण दोन तोळ्यांच्या आतच धरा."

सोन्याला लाख भाव आला होता आणि माझ्या सोन्यात लाख भरलेली होती. भाषेने इतक्या वर्षांनी माझ्यावर केलेला हा विनोद मला त्या दिवशी मुळीच आवडला नाही. दुकानात गिऱ्हाईक वाढत होतं. विट्याकडचा एक गलाईवाला बाकावर बसला होता. खानापूर, आटपाडी, तासगावकडच्या दुष्काळी गावांतली ही माणसं सोनं-चांदी गाळायला केरळपासून पंजाबपर्यंत जाऊन राहिलेली. तो आपणहून म्हणाला, "पावनं, मुशीत घातलं की समद्याचं खरं वजन कळतंय. म्हून तर लोक मुशीत घालत न्हाईत." मी माळ फडक्यात बांधली.

परतताना कोल्हापूर नाक्यावर रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "म्हणजे आजी साठ वर्षं लाखेवर निवांत झोपली. बिचारीला माहीतच नव्हतं."

बायको म्हणाली, "त्यांना माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं. मलाही माहीत होतं. बोरमाळेत लाख असते हे कुठल्याही बाईला माहीत असतं. तुम्हालाच माहीत नव्हतं."

"मग पाच तोळे, पाच तोळे काय म्हणत होता सगळ्या?"

"आम्ही कुठे म्हणत होतो? पाच तोळे तुम्ही पुरुष म्हणायचात."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. आजीच्या तोंडून 'पाच तोळे' ऐकल्याचं खरोखरच एकदाही आठवेना. ती 'माझी माळ' म्हणायची.

आता आमच्या पितळी डब्यात माळेशेजारी एक पाकीटही आहे. ते भाच्याचं. हा हिंजवडीला असतो. बिटकॉइन घेतो. "मामा, ही जगात दोन कोटी दहा लाखांच्या वर कधी निघणारच नाहीत. सरकारला वाटेल तेवढ्या नोटा छापता येतात, हे छापता येत नाही." आजीचं सुवर्ण नियंत्रणावरचं भाष्य आणि हे, दोन्हींत मला फारसा फरक वाटला नाही, आणि पोरगा मला आवडायला लागला. त्याच्या खजिन्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते कागदावर लिहून त्याने माझ्याकडे दिलेत, कारण पुण्यात भाड्याच्या खोल्या बदलाव्या लागतात. "मामा, कुणाला दाखवू नका, आणि हरवू नका." म्हणजे जगाला न लागणाऱ्या त्या महान गणिताचा शेवटचा पहारेकरी मलकापुरातला पाटबंधारे खात्याचा निवृत्त कारकून आहे.

पण मुक्कामाला आला की हा रात्रभर मोबाईल बघतो. अमेरिका जागी होते तेव्हा भाव हलतो म्हणे. हिरवं झालं की उठून पाणी पितो, लाल झालं की उठून पाणी पितो. तीनला मीही जागाच असतो. एकदा आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर आलो. मी त्याला भूकंपाची गोष्ट सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "पण मामा, आजीला भाव कळायचा कसा?" मी म्हटलं, "कळायचाच नाही रे." तो बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "रोज न बघता आलं पाहिजे, नाही का?" आणि खिशातला मोबाईल चाचपला.

सोनं तरी कुठे सरळ चालतं? माझ्या मेव्हण्याने 2012 मध्ये एकतीस हजारांच्या घरात वळं घेतलं. 2015 मध्ये ते सव्वीसवर आलं. तीन वर्षं तो ते वळं बोटात घालून अपमान झाल्यासारखा हिंडला. आज त्याच वळ्याकडे बघून तो मला गुंतवणुकीचे सल्ले देतो. वळं तेवढंच, बोट तेवढंच. मध्ये काय बदललं असेल तर मेव्हणा.

ठेवीचं अजून काही ठरलेलं नाही. यादीत नाव आहे, क्रमांक आहे, यादी कुणाकडे आहे ते फिरतं असतं. बोरमाळ बायको हल्ली सणावाराला काढते. परवा नातीने तिच्या मांडीवर बसून मणी मोजले आणि विचारलं, "आजी, हे सगळं सोनं?" बायको माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "वरून."

काल पुन्हा तीनला जाग आली. सवयीने बेरीज सुरू केली, दुसऱ्या आकड्यापाशी कंटाळा आला. उठलो, अंधारातच स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडला. आलं. भांडं भरलं, प्यालो, आणि नळ उगाचच थोडा वेळ तसाच चालू ठेवला. बाहेर मीटरवर जे पडायचं ते पडलं असेल. आतून बायकोचा झोपेतला आवाज आला, "अहो, बंद करा तो." बंद केला, आणि येऊन पडलो.